खाऱ्या पाण्यातले व्याही

व्याही व्याह्याला पाण्यात पाहतो, यात नवल काही नाही. पण मास्तर आणि कप्तान यांचं भांडणच मुळी पाण्यावरून होतं. मानपान नाही, देणंघेणं नाही, नुसते मासे. लग्न ठरवायच्या बैठकीत चहाचा कप खाली ठेवता ठेवता कप्तान म्हणाले, "गोड्या पाण्यात मासे धरणं म्हणजे बादलीत हात घालणं हो. त्यात कसली मर्दुमकी?" आणि मास्तरांनी, आपण मुलीचे बाप आहोत हे साफ विसरून, उत्तर दिलं, "मग दोरीला कोळंबी बांधून होडीत डुलक्या काढायच्या, ही मर्दुमकी वाटतं?" तरीही लग्न झालं, संसार लागला, नात झाली, ती दुडूदुडू चालायला लागली. हे दोघे मात्र समोर आले की हवापाण्याचं एखादं वाक्य बोलायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. कोट शिवण्यात त्यांची हयात गेली आणि उरलेली हयात नदीवर गेली. लहानपणी टाचणी वाकवून, तिला कणकेची गोळी लावून त्यांनी तळ्यातून बोटाएवढा मासा काढला होता, तेव्हापासूनचं हे वेड. पुढे एका गिऱ्हाइकाने अस्तर बदलायला दिलेल्या कोटाच्या कॉलरवर पिसांचे इवलेसे किडे टोचलेले दिसले. मास्तरांनी विचारलं, गिऱ्हाइकाने त्यांना नदीवर नेलं, आणि मास्तर फ्लाय फिशिंगच्या नादी लागले ते कायमचे. गळावर पीस आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची, लांब दोर हवेत मागेपुढे खेळवून ती अलगद पाण्यावर उतरवायची, आणि माशाला फसवायचं. दोरा, कातर आणि चिकाटी, टेलरला आणखी काय लागतं? "माझी पिसांची उशी रोज बारीक का होते ते मला चांगलं माहीत आहे," असं बायको म्हणायची.

ती बायको गेल्या वर्षी गेली. मशीनवर कापड टाकून मास्तर एकटेच घरात वावरू लागले. स्वतःसाठी केलेला चहाही त्यांना पुरा संपेना. मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्याकडे माडीवरची खोली रिकामी आहे. इकडेच या राहायला." मास्तरांना त्या क्षणी हो म्हणायचं होतं. त्या घरात नात होती, आणि ती फोनवर त्यांना "आबा" म्हणायला शिकली होती. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी सवय. ते म्हणाले, "बघू."

मुलगी बापाला ओळखून होती. ते चार दिवस राहायला आले तेव्हा तिने सरळच सांगितलं, "घर पप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं आहे. ते नाही म्हणणार नाहीत. पण तुम्ही दोघं रोज तोंडं फिरवून बसणार असाल तर मला ते बघवणार नाही. उद्या एक दिवस होडीतून जाऊन या. न भांडता परत आलात तर खोली तुमची. भांडलात तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत पाय ठेवताना मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं: आज तोंडाला कुलूप.

कप्तान समोर बसले होते, डोक्यावर टोपी, हातात वल्ही. खरं तर हा माणूस आयुष्यभर फेरीबोटीच्या खिडकीत तिकिटं फाडत होता, सुकाणूला त्याने कधी बोट लावलं नव्हतं. पण नोकरीबरोबर टोपी मिळाली, ती निवृत्तीनंतरही उतरली नाही, आणि गावाने नाव ठेवून दिलं. मासे धरायला त्यांना काठी लागत नसे. नुसती हातात धरायची दोरी, टोकाला शिसं आणि गळ. मास्तरांची लवलवती काठी पाहून ते म्हणाले, "या छडीने मासे धरणार की त्यांना गाणं शिकवणार?"

"बघू या," मास्तर म्हणाले. कुलूप शाबूत होतं.

खडकांजवळ नांगर टाकला. मास्तरांनी दोर हवेत खेळवला, एकदा मागे, एकदा पुढे, आणि रात्री गुंडाळलेली मोठी पांढरी माशी थेट खडकाच्या कडेला उतरली. कप्तान दोरी सोडून बघतच राहिले. हाताने दोर थोडा थोडा ओढत मास्तर माशी पाण्यातून पळवू लागले, तोच खाली काहीतरी रुपेरी वळलं आणि दोराला हिसका बसला. मास्तरांनी काठी वर उचलली.

मासा गेला.

"उचलली कशाला?" कप्तान ओरडले. "आता कुठे तोंडात घेत होता तो! हाताने ओढा, हाताने. काठी खालीच ठेवा."

मास्तरांना ते पटलं, हीच तर पंचाईत. नदीतल्या माशाचं तोंड नाजूक. तिथे काठी जराशी उचलली की गळ बसतो, जोरात ओढलं तर दोर तुटतो. इथे उलट. इथल्या माशाचा जबडा म्हणजे चामडं. काठी उचलली की माशी त्याच्या तोंडातून नुसती निसटते. गळ रुतवायचा तर काठी तशीच माशाकडे रोखून हाताने दोर खेचायला हवा. डोक्याला सगळं कळलं. हाताला कोण सांगणार? जित्याची खोड. दुसरा मासा आला, काठी वर गेली. तिसरा आला, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी कप्तान कपाळाला हात लावत होते. "पालथ्या घड्यावर पाणी," ते समुद्राला उद्देशून म्हणाले.

इथे कुलूप तुटलं.

"तुम्ही जरा गप्प बसाल का?" मास्तर म्हणाले. "सकाळपासून तुमची दोरी नुसती पाण्यात लोंबतेय, तिला काही लागलं का ते बघा!"

"माझ्या दोरीचं नाव काढू नका! या दोरीने मी घर पोसलंय."

"घर तिकिटांनी पोसलंत. दोरीने मांजर पोसलं असेल."

मग काय, सुटलेच दोघं. बादलीपासून कोळंबीपर्यंत सगळा जुना हिशेब बाहेर आला. कप्तान म्हणाले, पिसाच्या माशीने माशाला फसवणं ही लबाडी आहे. मास्तर म्हणाले, आणि कोळंबीत गळ लपवणं हा धर्म वाटतं. जवळच्या खडकावरचे पक्षी वैतागून उडून गेले. भांडता भांडता मास्तरांचे हात सवयीने दोर टाकतच होते, आणि भर वाक्यात चौथा मासा लागला.

"काठी!" कप्तान किंचाळले आणि पुढे झेपावून त्यांनी काठी दोन्ही हातांनी खाली दाबून धरली. मास्तरांचा उजवा हात अडकला, तेव्हा डाव्याने दोर खेचला. गळ बसला! काठीवरचं दोराचं रीळ करकरत फिरू लागलं. मासा सरळ खोल समुद्राकडे निघाला. "जाऊ द्या, जाऊ द्या... आता ओढा! सोडा! अहो ओढा!" दोघांना एकाच वेळी सुचेल ते दोघं बोलत होते. शेवटी हाताएवढा लांब, आरशासारखा लखलखीत मासा होडीच्या कडेला आला. मास्तरांनी तो दोन्ही हातांत उचलला. इतका मोठा मासा त्यांनी जन्मात धरला नव्हता. डोळे भरून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, बोटाच्या एका सफाईदार हिसक्याने गळ काढला, आणि तो अलगद पाण्यात सोडून दिला.

शेपटीचा एक फटका, आणि पाणी मोकळं.

नदीवर मास्तर नेहमी असंच करत. धरायचा, पाहायचा, सोडायचा. हात आपोआप चालले. पण कप्तानांनी सकाळीच सुनेला सांगितलं होतं, मसाला वाटून ठेव, मासा आणतो. ते होडीच्या कडेवरून वाकून पाण्यात बघू लागले.

"सोडलात?"

"सवयीने," मास्तर पुटपुटले.

"सवयीने! या होडीत आलेला सगळ्यांत मोठा मासा, आणि सवयीने?" कप्तानांनी नांगर ओढला, टोपी डोळ्यांवर ओढली, आणि वल्ही मारत तडक घरचा किनारा धरला. मास्तर बोटांवरचे खवले पुसत बसले. खोली गेली, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. नात आता फोनमधूनच आबा म्हणणार. त्यांना खरंच रडू आलं. खाऱ्या वाऱ्याने डोळे चुरचुरतात असं दाखवून त्यांनी ते लपवलं.

मुलगी दारातच उभी होती, कडेवर नात. दोघांचे चेहरे पाहून तिने काही विचारायच्या आतच मास्तर म्हणाले, "संध्याकाळची बस आहे ना गं? मी पिशवी भरतो."

"भांडलात?" तिने विचारलं.

"भांडलो," कप्तान म्हणाले. टोपी काढून त्यांनी खुंटीला लावली. "घसा बसेपर्यंत भांडलो. तुझी सासू गेल्यापासून या घरात माझ्याशी कुणी भांडलंय का? हो पप्पा, बरं पप्पा, गोळी घेतली का पप्पा. आज किती दिवसांनी मला भूक लागलीय! पण मासा नाही. मासा या गृहस्थांनी सोडून दिला. तो माझा मासा आहे, आणि तोच मला परत हवाय. तो आणून दिल्याशिवाय यांनी हे गाव सोडायचं नाही."

मास्तरांनी भरायला घेतलेली पिशवी खाली ठेवली. मग ते म्हणाले, "समुद्र मोठा आहे. तोच मासा शोधायचा म्हणजे वर्षं जातील, व्याहीबुवा."

"जाऊ देत की," कप्तान म्हणाले, आणि पिशवी उचलून माडीचा जिना चढू लागले.