पाटी धरलेला फोटो

चंदाला शिवणाच्या वर्गातून परत पाठवलं, तेव्हा रुखमाच्या मनात पहिला संशय आला तो आपल्याच पोरीचा.

"काऊन पाठवलं?"

"मले काय माहीत? शकुबाई म्हणे, उद्यापासून येऊ नोको."

"तू काई उचललं त नाई ना तिथलं?"

चंदा पाण्याचा गुंड उचलून निघून गेली. रुखमानं दार लोटलं आणि पोरीची पिशवी जमिनीवर पालथी केली. कात्री, टेप, चिंध्या, अर्धं शिवलेलं झबलं. ती चिंध्यांच्या घड्या उलगडत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला,

"सापडलं का?"

चंदाच्या डोक्यावरचा गुंड रिकामाच होता. ती अर्ध्या वाटेवरून परतली होती. त्या रात्री मायलेकी जेवल्या खऱ्या, पण एकमेकींकडं पाहिलं नाही.

गेल्या साली चंदा एका साहेबाच्या घरी भांडी घासायला जायची. तिथल्या सोन्याच्या कुड्या हरवल्या. तेरा वर्षांच्या पोरीला अहेरीच्या ठाण्यात नेलं, दहाही बोटं शाईत बुडवली, नाव-नंबर लिहिलेली पाटी छातीशी धरायला लावून फोटो काढला. पुढं चंद्रपूरच्या मुलांच्या कोर्टात तारखा चालू असतानाच कुड्या साहेबाच्याच पेटीत, शालूच्या घडीत सापडल्या. मॅजिस्ट्रेटबाईंनी पोरीला सोडलं आणि तिचे ठसे, फोटो नष्ट करा म्हणून हुकूम दिला. गुणवंतराव हवालदारानं रुखमाला बोलावून ठाण्याच्या मागच्या अंगणात तिच्यादेखत कागद जाळले होते.

सकाळी रोपवाटिकेच्या कामावर खाडा करून रुखमा शकुबाईकडं गेली. शकुबाईच्या नवऱ्याचं, पत्रूभाऊचं, कापडाचं दुकान होतं आणि तिचा शिवणाचा वर्ग दुकानाच्या मागच्या खोलीत भरायचा. शकुबाई तिला पाहून आत सटकली. पत्रूभाऊनं गल्ल्याच्या काचेवरचा कापडाचा तागा मुकाट्यानं बाजूला सरकवला. काचेखाली चंदा होती. पाटी धरलेली, रडून डोळे सुजलेली.

"कोणं देल्ला हा?"

"ठाण्यातून आला म्हणते. बाकीच्या दुकानाईतबी आहे. आमाले उशिरा ओळखू आली तुयी पोरगी."

रुखमानं काच उचलून फोटो काढून घेतला. पत्रूभाऊनं अडवलं नाही.

ठाण्यात शिरताना तिची खात्री पटली होती. जाळला तो दुसराच कुठला कागद असेल. आपल्याला थोडंच वाचता येतं!

"हवालदारसाहेब, माह्या डोयात धूळ फेकली तुमी."

गुणवंतरावनं फोटो मागितला. तिनं दिला नाही, लांबूनच दाखवला, मग उलटा करून दाखवला.

"बाई, ठाण्याच्या फोटोमागं शिक्का राह्यते. हा कोरा आहे. नवा छापला दिसते." त्याचा चेहरा उतरला. "फोटोवाल्या नानाजीनं काढला होता हा. त्याच्यापाशी निगेटिव राह्यली असन."

"चाला मंग संगं. मी एकटी गेली त उद्या तुमी म्हणान, असं काई नव्हतंच."

नानाजीचा स्टुडिओ बसस्टँडसमोर होता. हवालदाराला पाहून तो हसला. रुखमाच्या हातातला फोटो पाहून हसू मावळलं.

"कोर्टानं फोटो जाळाले सांगतलं होतं. निगेटिवचं मले कोणी बोललं का?"

"पण दुकानदाराईले वाटाले कोणं सांगतलं?" गुणवंतराव ओरडला.

नानाजीनं एकदा त्याच्याकडं, एकदा रुखमाकडं पाहिलं. "तुमीच त म्हटलं होतं साहेब, पोरगी पकडली तवा. बाजारात चोऱ्या होऊन राह्यल्या, चार लोकाईले दाखवून ठेव. मी आता सवडीनं छापले."

गुणवंतराव भिंतीकडं पाहू लागला. "तवा म्हटलो होतो. केस सुटल्यावर नाई."

"सुटली हे याले कोणं सांगतलं?" रुखमानं विचारलं.

निगेटिव तिनं तिथंच कात्रीनं बारीक करवून घेतली आणि चुरा पदरात बांधला. मग गुणवंतरावला पुढं घालून दुकान न् दुकान फिरली. कुणी फोटो निमूट दिला, कुणी "कोणता फोटो?" म्हणालं. किती छापले होते, ते नानाजीला आठवत नव्हतं. किंवा तो तसं म्हणत होता.

घरी येऊन तिनं सगळं चंदाला सांगितलं. शेवटी अडखळत म्हणाली, "तुया पिशवीत हात घालाले नोको होता म्या."

चंदा नखानं जमीन कोरत होती. "लोकाईपाशी त फोटो होता माय. तुयापाशी काय होतं?"

दोन दिवसांनी वर्गातून निरोप आला, पोरीला पाठवा. चंदा म्हणाली, "हाकलताना चार पोरीईसमोर हाकललं. बोलवाले शकुबाईनं इथी यावं."

रुखमाला वाटलं, आता कसली येते! पण संध्याकाळी शकुबाई आली. अंगणात उभी राहून, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकलं आमचं. ये बाई उद्यापासून."

चंदानं मान हलवली. रुखमानं पाणी विचारलं, बसायला बोरी टाकली. शकुबाई बोलत राहिली तोवर रुखमा तिचा चेहरा न्याहाळत होती. ही मनातून आली, की हवालदारानं पाठवली?