दातांच्या खुणा

औरंगपुऱ्यातल्या त्या वीतभर दुकानात गिऱ्हाईक चांदीचा भाव विचारी, तर कारागीर मुख्तारची लेक गुलशन गिऱ्हाइकालाच त्याची हकिकत विचारी. दागिना नंतर. ऐकलेलं चिठ्ठीवर लिहून ती मालासोबत अब्बांकडे सरकवायची आणि मुख्तार ती चिठ्ठी न वाचता बाजूला ठेवायचा. बायको शमशाद वारल्यापासून त्याचे फक्त हात कामावर येत होते. ती जाऊन वर्ष झालं तरी धड दुःखही होत नव्हतं, याची त्याला कधीमधी लाज वाटायची. तीही फार वेळ टिकायची नाही.

लासूर स्टेशनच्या सारजाबाईचा वाळा असाच त्याच्यापुढे आला. तान्ह्या लेकराचा, पातळ चांदीचा. साखळी लावून त्याचं गळ्यातलं करायचं होतं. वाळ्याला पोचे होते. चाळीस वर्षं जे केलं तेच मुख्तारनं केलं. ठोकून सारखा केला, कानस फिरवली, लख्ख उजळला.

सोमवारी सारजाबाई आली. वाळा हातात घेऊन तिनं एका जागी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"इथं दात होते," ती म्हणाली. "माझ्या लेकीचे."

गुलशननं घाईघाईनं चिठ्ठी शोधली. पोर वर्षाची व्हायच्या आत गेली, तिच्या दातांच्या खुणांना हात लावू नका, एवढंच त्यात होतं.

"अब्बा, वाचली नाय तुम्ही?"

सारजाबाई ओरडली नाही, रडलीही नाही.

"समदंच उजळता का हो, चाचा?"

"व्हय." त्यानं खण ओढून एक कडं काढलं. तेही लख्ख. "हे माझ्या घरवालीचं. भाकरी थापताना परातीवर आपटून पोचे पडले होते. ती गेल्यावर चाळिसाव्या दिवशी उजळून ठेवलं. वाटलं, चांगलंच करतोय."

सारजाबाईनं वाळ्यावर नख टेकवलं. "खालचे दोन इथं. मधी जरा फट होती. वरचे आलेच नव्हते." मग तिनं कड्याकडे पाहिलं. "हिचे पोचे कुठं होते?"

मुख्तारनं कडं फिरवलं. पुन्हा फिरवलं. तीस वर्षं रोज ताटात भाकरी वाढणारा तो हात त्यानं पाहिला होता, पण जागा सापडेना. वर्षभरात पहिल्यांदाच त्याला आत दुखलं.

"तुम्हाला जागा तरी ठाऊक हाय, बाई," तो म्हणाला. "मला तेवढीबी नाय."