मेहुण्याच्या हातचा दोर

अंबाजीच्या कुळात एक जुनी रीत होती. गोदावरीच्या डोहातून बुडालेलं भांडं, बैल किंवा माणूस काढायला कुणी उतरला, की त्याच्या कमरेच्या दोराचं वरचं टोक त्याच्या बायकोच्या भावानं धरायचं. सख्ख्या भावानं धरायचं नाही, त्याला वाटणीचं शेत दिसतं म्हणत. दोस्तानं धरायचं नाही, त्याचं ध्यान उडतं. बहिणीचं कुंकू ज्याच्या मुठीत, तो मूठ सोडत नाही, एवढंच त्यामागं होतं. अंबाजीची बायको गंगू जात्यावर बसली की म्हणायची,

पाण्यात गेला राजा, दोर भावाच्या हातात
माझ्या कपाळीचं कुंकू, हेलावतं पाताळात

नांदेड सोडून अंबाजी हैदराबादला आला आणि पाणीपुरवठ्याच्या महकम्यात पाणबुड्या म्हणून लागला. तलावाच्या तळाशी लोखंडी दरवाजे असत, त्यांत अडकलेला गाळ नि लाकडं काढायची. इथं डोक्यावर तांब्याचा टोप, अंगात रबरी पोशाख, पायांत शिशाचे बूट. वर दोघं जण पंपाचं चाक फिरवून नळीतून हवा सोडत. सगळं नवं होतं, दोर तेवढा जुना. तो धरायला गंगूचा धाकटा भाऊ नामदेव आला, नारायणगुड्याच्या दोन खोल्यांत त्यांच्याजवळच राहिला आणि सहा वर्षं त्यानं दोर धरला.

सत्तेचाळीस साली नामदेव दोर ठेवून निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला. निजामाच्या पोलिसांना हवा असलेल्या माणसांत त्याचं नाव आलं. पुढच्या चैत्रात महकम्यातल्या एका अंमलदारानं अंबाजीला बोलावून घेतलं आणि बसायला खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच अंबाजी घाबरला.

"तुझा मेहुणा कुठं आहे?"

"ठाऊक नाही, सरकार."

"मग टोप इथं ठेव आणि घरी जा."

अंबाजी खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. मग म्हणाला, की येत्या गुरुवारी नामदेव नांदेडला आईला भेटायला येणार आहे, आई आजारी आहे.

नामदेवला आईच्या दारातच धरलं. दोन महिन्यांनी ती गेली. तो तुरुंगात होता म्हणून अग्नी जावयानं दिला, म्हणजे अंबाजीनं. खबर कुणी दिली हे कुणाला कळलं नाही. गंगूलाही नाही.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचा अंमल गेला, तुरुंग उघडले. नामदेव सुटला तो नांदेडला जाऊन आईच्या घरात एकटा राहू लागला. हैदराबादेत कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, माणसं कमी करायला सुरुवात झाली. पाणबुड्यांच्या बाबतीत असं ठरलं, की ज्याची तयारी असेल त्यानं समुद्राच्या मोजणीच्या जहाजावर जावं. मलबारच्या पश्चिमेला काही बेटं आहेत, तिथला तळ बघायला माणूस हवा होता. एक खेप करून दाखवायची, जमली तर कायम.

अंबाजीनं समुद्र पाहिला नव्हता. सुलतान बाजारात भगवंतरावांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं, तिथं भिंतीला एक नकाशा टांगलेला असे. किनाऱ्याजवळ फिकट निळा, मग गडद, मग जवळजवळ काळा.

"हे आकडे कशाचे?" अंबाजीनं विचारलं.

"खोलीचे. वावांत, एक वाव म्हणजे चार हात," भगवंतराव म्हणाले. "हा बघ, हजारच्या वर गेला."

"हे बघून कोण आलं?"

"कुणी नाही. वरून तार सोडून मोजतात. खाली काय आहे ते तारेला कुठलं कळायला?"

अंबाजी त्यानंतर चार-पाच वेळा दुकानात गेला. पुस्तक एकही घेतलं नाही. भगवंतराव म्हणाले, "भिंतीला भोक पडेल, अंबाजी. घेऊन तरी जा." तो हसला, पण नकाशाला हात लावला नाही. बेटांजवळ फिकट निळ्याला चिकटून एकदम काळा रंग होता, मधला गडद नव्हताच. तिथं तळाला कडा आहे, असं जहाजाच्या कामाच्या कागदात लिहिलं होतं. त्या कड्यावर उभं राहावं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. बेचाळीस वर्षांच्या त्या माणसानं आजवर असं काही मागितलेलं नव्हतं.

पण दोर कोण धरणार?

गंगूनं नांदेडला निरोप धाडला. नामदेव माघात आला. तुरुंगानं त्याची मान बारीक झाली होती, हात तसेच होते.

"काय दाजी, तलाव पुरेना झाला का?"

"हौ, पुरेना."

"हौ म्हणे. अक्का, हा पुरा हैदराबादी झाला गं. आता समुद्राला पण 'आदाब' करंल."

"तू जातोस का नाही ते सांग," गंगू म्हणाली.

"तू 'नको' म्हण, मी नाही जात."

गंगूनं भाकरी उलटली. "नको म्हणून तो राहतो का? रोज जाऊन भिंत बघतो. तू जा. तू असलास म्हणजे मला झोप तरी लागंल."

काचीगुड्याहून एक गाडी, मग दुसरी, मग तिसरी. तीन दिवस दोघं समोरासमोर बसले. नामदेव तुरुंगातल्या गोष्टी सांगायचा, एका कैद्यानं मुंगसाचं पिल्लू कसं पाळलं होतं, जेलर भजन ऐकायला दाराशी कसा बसायचा. आईचं नाव त्यानं काढलं नाही. अंबाजीला सांगायला तीन दिवस होते. त्यानं सांगितलं नाही.

बेटांजवळ जहाज थांबलं. फाल्गुनाची सकाळ होती, पाणी तेल ओतल्यासारखं स्वस्थ. जहाजावरच्या साहेबानं हिंदीत समजावलं, की कड्याची माथ्याकडची कड पंचवीस वाव खाली आहे. तिथं वीस मिनिटं, जास्त नाही. वर येताना तीन जागी थांबायचं, घड्याळ लावून. न थांबता ओढला तर रक्तात हवेचे बुडबुडे होतात, माणूस वर येतो तो वाकडा होऊन येतो, नाहीतर येतच नाही. "दया करून लवकर ओढलं आणि मारलं, असं मी पाहिलंय," साहेब नामदेवला म्हणाला. नामदेवनं मान हलवली. खुणा दोघांना पाठ होत्या. एक झटका म्हणजे बरा आहेस ना. उत्तराचा एक म्हणजे बरा. चार म्हणजे ओढ.

अंबाजीला पोशाख चढवला, बूट बांधले. टोप तेवढा राहिला. नामदेवनं कमरेला गाठ मारली, तोंडात पाणी घेऊन तिच्यावर फुंकलं आणि पुन्हा आवळली.

"आई म्हणायची, गाठ ओली करून ओढ. कोरडी गाठ खोटं बोलते."

अंबाजी त्याच्या हातांकडे बघत होता.

"नामदेव, गुरुवारचं मी सांगितलं होतं."

"कोणचं गुरुवारचं?"

"तू आईकडं येणार ते. महकम्यात विचारलं, मी सांगितलं. टोप काढून घेणार होते."

नामदेवचे हात गाठीवरच राहिले. तेवढ्यात खलाशानं मागून टोप ठेवला, फिरवला, पेच आवळले. काचेपलीकडे नामदेवचे ओठ हलले. काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. आत हवेचा फुसफुस आवाज तेवढा होता. अंबाजीला आता थांबता आलं असतं, हात वर केला असता तर पुरे होतं. त्यानं शिडीवर पाय ठेवला.

पाणी आधी हिरवं, मग निळं, मग नुसतंच निळं, ज्याला वर-खाली नाही असं. लाल रंग आधी गेला. त्याच्या बाहीवरची लाल फीत काळी दिसू लागली. दहा वावांवर एक झटका आला. त्यानं उत्तर दिलं. पंधरावर आला. वीसवर आला. झटक्यात राग असतो की नाही हे कळत नाही, दोर तेवढं सांगत नाही.

बूट तळाला लागले. पांढरी वाळू होती, पंख्यासारखी झाडं होती, ती झाडं होती की जनावरं ते ठरवणं कठीण. दहा-बारा पावलांवर वाळू संपली. तिथून पुढं काही नव्हतं. खालून गार पाणी वर येत होतं, उघड्या हातांना लागत होतं. अंबाजीनं बिजलीचा दिवा सुतळीला बांधून खाली सोडला. उजेड भिंतीवरून उतरत गेला, बारीक झाला, मग सुतळी संपली. दिव्याच्या कडेला काहीतरी फिकट आलं, थांबलं, माघारी गेलं. मासा असेल. किंवा पाणीच असेल. एका पावलाचं अंतर होतं. वर ज्याच्या हाती दोर होता, त्याच्या आईच्या मरणाला अंबाजी स्वतः कारण झाला होता. हे त्याला तिथं पहिल्यांदा इतकं सरळ दिसलं, की पाऊल मागं घ्यावं लागलं.

वर येताना पहिल्या जागी थांबला. ठीक. दुसऱ्या जागी थांबला. ठीक. तिसऱ्या जागी, अवघ्या दीड वावावर, पृष्ठभागाचा उजेड टोपावर पडत होता, जहाजाचं बूड हाताच्या अंतरावर होतं, आणि दोर हलेना. त्याच्याजवळ घड्याळ नव्हतं. तो श्वास मोजू लागला. मोजलेले श्वास संपले, दोर तसाच. त्यानं चार झटके दिले. वरून एक आला. बरा आहेस ना. त्यानं पुन्हा चार दिले. पुन्हा एकच आला. मग तो लोंबकळत राहिला. नेमानं ठेवलंय की रागानं, हे खाली लोंबकळणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो.

मग दोर वर गेला.

साहेब खूश होता. जे पाहिलं ते त्यानं लिहून घेतलं, पुढच्या खेपेला कड्याच्या खाली पाच वाव उतरू म्हणाला. नामदेव दोर गुंडाळत होता. परतीला पुन्हा तीन गाड्या, पुन्हा दोघं समोरासमोर. नामदेव पाणी आणलं की अर्धं अंबाजीसमोर ठेवायचा आणि खिडकीकडे वळायचा.

नारायणगुड्याला गंगूनं दोघांना वाढलं. नामदेव चार घास जेवला आणि बहिणीला म्हणाला, "अक्का, आईच्या दारात मला धरलं ती खबर दाजीनं दिली होती."

गंगूनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खाली मान घातली, तेवढ्यानं तिला समजलं.

"मला हे जहाजावर कळलं, दोर हातात असताना," नामदेव म्हणाला. "शेवटच्या जागी याला मी चार मिनिटं जास्त टांगून ठेवला."

"रागानं?" गंगूनं विचारलं.

"पहिली दोन रागानं. हात पुढं सरेना. मग साहेब पुन्हा म्हणाला, झालं, ओढ. तर मला वाटलं, खाली गार असतं म्हणतात, पुरती सुटली नसंल अंगातली हवा, राहू दे अजून. ती दोन तशी." त्यानं ताट बाजूला केलं. "राग कुठं संपला नि दुसरं कुठं लागलं, मलाच कळलं नाही. अशा हातानं दोर धरू नये. मी आता येणार नाही, दाजी. दुसरा कोणी बघा."

गंगूला दुसरा भाऊ नव्हता. हे तिघांनाही माहीत होतं.

वैशाखात जहाजाचं पत्र आलं. दोर धरायला ते खलाशी देणार होते. अंबाजी पत्र घेऊन भगवंतरावांकडे गेला आणि येत नाही असं त्यांच्याकडून लिहवून घेतलं. कारण काय लिहू, त्यांनी विचारलं. काही नको, तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं भिंतीकडे पाठ करून बसायची जागा घेतली. महकम्यात त्याला नळांच्या चाव्या सोडायचं काम मिळालं.

भाऊबीजेला नामदेव येईल असं कुणी धरलं नव्हतं. तो दुपारी आला. गंगूनं ओवाळलं. अंबाजी उंबऱ्यापाशी उभा होता, बसावं की जावं हे न कळून.

नामदेव पाटावरून उठला नाही. निरांजनाकडे बघत म्हणाला, "त्या कड्याच्या खाली काय होतं?"

"दिवा सोडला होता," अंबाजी म्हणाला.

"मग?"

"सुतळी पुरली नाही."

"बसा, दाजी," नामदेव म्हणाला. "जेवढी पुरली तेवढं सांगा."