नुसतं ‘हं’ म्हणणारी आई

संध्याकाळी भाकरी थापता थापता रेणुकाला लेकीच्या, शालूच्या, गुडघ्यावरची पट्टी दिसली.

“कधी पडलीस गं?”

“परवा, सायकलवरून. तुला सांगितलं व्हतं की. तू ‘हं’ म्हणालीस.”

“मंग पट्टी कोणी बांधली?”

“शेजारच्या बाईंनी.”

आपल्याला आता लाज वाटायला हवी, हे रेणुकाला कळत होतं. पण आत काहीच हललं नाही. तिने भाकरी उलटली.

मागच्या वर्षी टेंभुर्णीला तिची आई वारली, तेव्हा ती रडली नव्हती. तेराव्यापर्यंत सगळं तिनेच निभावलं. पाव्हण्यांनी कौतुक केलं, “लई खंबीर पोरगी!” तेव्हापासून ती अशीच. जालन्यात बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला जायची, यायची, मोबाइलवर बोट फिरवत बसायची. नवरा सुग्रीव म्हणायचा, “हिच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.” तिला त्याचाही राग येत नसे.

शेजारच्या जयवंताबाई निवृत्त शिक्षिका. गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घ्यायच्या आणि त्याआधी सगळ्यांना डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देत बसवायच्या. रेणुका त्यांचे आभार मानायला गेली.

“आभार राहू दे,” बाई म्हणाल्या. “दुखल्यावर पोरगी माझ्याकडं का आली, याचा इचार केलास का?”

रेणुका सपाट आवाजात म्हणाली, “बाई, मला काहीच वाटत न्हाई. ती पडली, तरी न्हाई.”

“उद्यापासून पोरांसंगं बस.”

“ध्यानाला? मी काय येडी झाले का म्हातारी?”

“हेच तर चुकतं आपलं! दात किडल्यावरच घासायला घेतो का आपण? लहानपणी शेतात पाणी देताना दारं धरलंस ना?”

“धरलं की, बापाच्या मोसंबीला.”

“पाणी ज्या चारीनं रोज जातं, ती चारी खोल होते. मेंदूचंही तसंच हाय. ज्या वाटेनं मन सारखं जातं, ती पक्की होते. पण मेंदू घडत राहतो. नेमानं सराव केला तर लक्षाशी, भावनांशी जोडलेले त्याचे भाग मोठ्या वयातही बदलू शकतात, असं शास्त्रज्ञांना दिसलंय. लक्ष पळालं, की न रागावता परत आणायचं. ते परत आणणं म्हणजेच व्यायाम. आन् डॉक्टरलाबी दाखव. त्यात कमीपणा कसला?”

रेणुका डॉक्टरांकडे जाऊन आली आणि मुलांच्या रांगेत बसू लागली. पण दर दोन श्वासांनी ती आत डोकावायची. काही वाटतंय का? काहीच नाही. एकदा मधूनच उठून उभी राहिली.

“बाई, इतके दिवस बसून राह्यले. काही उगवत न्हाई!”

“तुम्ही प्रयोगशाळेत ओल्या कागदात बी गुंडाळून उगवायला ठेवता. ते घडीघडी उघडून बघता का?”

“छे! मोड तुटतील की.”

“मंग हितं कशाला उघडून बघतेस?”

मुलं खुदकन हसली. रेणुका परत खाली बसली.

पुढे ती बसत गेली. काही वाटतंय की नाही, हे बघणं तिने सोडून दिलं.

एके दिवशी जेवताना शालू म्हणाली, “कबड्डीच्या संघात माझं नाव न्हाई आलं. वर्गातल्या प्रियदर्शनीचं आलं.”

रेणुकाचं लक्ष सवयीने निसटलं, आणि निसटताना तिला ते दिसलं! तिने ते परत आणलं. शालूची हनुवटी थरथरत होती. रेणुकाच्या आत काहीतरी हललं. किती महिन्यांनी! ते काही सुखाचं नव्हतं, चांगलंच दुखलं.

“लई वाईट वाटलं का गं?”

शालू तिच्याकडे बघतच राहिली. “आई, तू ऐकून राह्यलीस?”

“ऐकून राह्यले. पहिल्यापासून सांग.”

शालू सांगू लागली आणि सांगता सांगता रडली. रेणुकाचेही डोळे भरून आले. सुग्रीव घास हातात धरून दोघींकडे पाहत राहिला.

वाचकहो, दुःखाने बधिर झालेल्या माणसाला आपण शाबासकी देतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. त्याला शाबासकी नको, सोबत द्या. मनाचा सराव करणाऱ्याला हसू नका, आपणही त्याच्याशेजारी बसा. मेंदू शेवटपर्यंत शिकत राहतो, पण त्याला दटावून चालत नाही. लहान लेकराला शिकवतो तसं, रोज थोडं आणि न कंटाळता शिकवावं लागतं.