चाचणीचा माल

मेहुण्याची दोन बोटं गेली तेव्हा तो कुठेच नोकरीला नव्हता. दवाखान्यातल्या कारकुनाने हे तीनदा वाचून दाखवलं. कामाचं ठिकाण, नाही. मालक, नाही. जखमेचं कारण, माहीत नाही. मांस कापायच्या गोदामातल्या दोघांनी त्याला दवाखान्याच्या पायरीवर पोतं टाकावं तसं टाकलं होतं. गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. मेहुण्याने बोटं मागितली, तर म्हणाले, कुठली बोटं?

डावऱ्या हे उभ्याने ऐकत होता. मेहुण्याच्या बहिणीचा तो नवरा. धंद्याने खाटीक, अठरा वर्षं हाडापासून मांस सोडवत आलेला, सुरी डाव्या हातात धरणारा. त्याचा कारखाना बंद पडून पाच महिने झाले होते. बस थांब्याच्या खांबावरची ती जाहिरात त्यानेच फाडून आणली होती. 'मोठ्या परदेशी कंपनीसाठी मांस कापणारे हवेत. चाचणी घेऊन निवड.' कंबरेत उसण भरली होती म्हणून तो स्वतः गेला नाही, एवढंच. मेहुण्याला म्हणाला, तू हो पुढे, मी येतो मागून. स्वतःची चांगली सुरीही दिली.

"दाजी," खाटेवरून मेहुणा म्हणाला, "आठवा दिवस होता. उद्या निवड आहे म्हणाले होते. करवतीला झाकण नव्हतं हो. मी बोललो तर म्हणाले, भीती वाटत असेल तर घरी जा, बाहेर रांग आहे."

त्याने पट्टी बांधलेला हात पांघरुणाखाली लपवला, जसं काही चोरीच केली होती.

घरी येऊन डावऱ्याने सत्तूर कागदात गुंडाळला. बायको दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो."

"कुठे निघालात?"

"त्याची दहाच्या दहा घेऊन येतो."

"आणि मग?"

"मग बघू."

तिने हात घातला आणि सत्तूर धरला. मूठ नाही, पातं धरलं. कागदातून रक्त आलं, तिच्या मनगटावरून फरशीवर गळायला लागलं, तरी सोडेना.

"भावाच्या हाताला पट्टी बांधून आले आत्ता," ती दात आवळून म्हणाली. "ही माझी दुसरी. तुम्ही आत गेलात की या दोन पट्ट्या मी एका हाताने बदलू का? सांगा ना, मोठे आलात दहा बोटंवाले!"

डावऱ्याने मूठ सोडली. तेव्हा कुठे तिने पातं सोडलं.

"आधी रोजगार केंद्रातल्या बाईंकडे चला," ती हात फडक्यात गुंडाळत म्हणाली. "माझ्याबरोबर कपडे धुणाऱ्या दोघींना त्यांनी कामाला लावलंय. एक छदाम घेत नाहीत. तुम्ही पाच महिने खांबावरचे कागद फाडलेत, त्या दारात मात्र एकदा पाऊल टाकलं नाहीत. का, तर सरकारी म्हणून!"

रोजगार केंद्रातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पण एकदाही 'अरेरे' म्हणाल्या नाहीत. त्यांना सर्दी झाली होती. नाक शिंकरत त्या एकेक प्रश्न ठोकत गेल्या.

"नेमणुकीचं पत्र?"

"नाही."

"कामाचा मूळ दाखला कुणाकडे आहे?"

"त्यांनी ठेवून घेतला. पडताळणीला."

"पडताळणीला छायाप्रत पुरते. मूळ कागद ठेवतात तो माणूस पळू नये म्हणून. चाचणी किती दिवस?"

"आठ."

"तुमच्या कारखान्यात किती वेळ असायची?"

कारखान्यात नव्या माणसाची चाचणी डावऱ्याच घ्यायचा. "एक फरा, पुढचा अख्खा पाय, हाडापासून सोडवून दाखवायचा. अर्धा तास फार तर."

"मग आठ दिवस ऐकून तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं, कंपनी मोठी, म्हणून चाचणी मोठी."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की थोबाडीत परवडली असती. जाहिरातीवरचा नंबर त्यांनी नखाने खोडला. "हा त्यांचाच असणार. कंपनीचा नंबर आपला आपण शोधायचा असतो." त्यांनी तो शोधला, फोन लावला आणि पलीकडचा आवाज नवराबायकोला ऐकू येईल असा ठेवला. तुमच्या देशात आमचा कुणी माणूस नाही, आम्ही चाचण्या घेत नाही, या महिन्यात हे विचारणाऱ्या तुम्ही चौथ्या, असं पलीकडून सांगितलं.

"आठ दिवस कापलेला माल कुठे जायचा?" बाईंनी फोन ठेवून विचारलं.

"संध्याकाळी गाडीत भरून जायचा म्हणे."

"जो माल विकला जातो तो चाचणीचा नसतो. तिथे कुणालाही नोकरी द्यायची नाहीये. रोज नवी माणसं फुकट राबवायची आणि हाकलायची, हाच त्यांचा कारखाना."

डावऱ्या उठून दाराकडे निघाला.

"ऐका," बाई म्हणाल्या. "तिथे रोज सही घेतात?"

मेहुणा सांगत होता तसं डावऱ्याने सांगितलं. गोदामाचा मालक, ज्याला सगळे टायवाला म्हणत, तो फार संशयी. मांस चोरीला गेलं तर त्या दिवशी कोण होतं हे कळावं म्हणून वहीत नाव, वेळ, सही, सगळं घ्यायचा.

"मग तुमचा मेहुणा त्या वहीत आहे. वही मिळाली तर तो तिथे कामाला होता हे सिद्ध होईल, उपचार आणि भरपाई त्या मालकाच्या मानेवर बसेल. वही जळाली तर तुमच्या मेहुण्याची बोटं हवेत गेली असं समजा. कामगार निरीक्षक बुधवारी अकराला पोलिस घेऊन जातील. त्याआधी आत शिरा, वही कुठे आहे ते बघा, ती नाहीशी होऊ देऊ नका. आणि हात उचलायचा नाही. तुम्ही त्याला एक ठेवून दिलीत की तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी. मग वहीबद्दल कुणी विचारणार नाही."

"त्याने उचलला तर?"

"मार खायचा," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या.

बुधवारी सकाळी आठला डावऱ्याने वहीत सही केली. दाखला मागितला तर छायाप्रत दिली. टायवाल्याने तोंड वाकडं केलं, पण माणूस कसलेला दिसत होता, म्हणून आत घेतला. वही काचेच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात गेली. डावऱ्याने खण बघून ठेवला.

आत हाडं गोठतील अशी थंडी. फरशीवर पाणी, पाण्यावर चरबीचा तवंग. अकरा माणसं टेबलांशी उभी होती, प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली सुरी. कुणी बोलत नव्हतं. आज आठ जणांची निवड होणार, असं टायवाल्याने सकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे प्रत्येकजण शेजाऱ्याच्या हाताकडे वैऱ्यासारखं बघत होता. जाड्या आणि टकल्या, टायवाल्याची दोन माणसं, पाण्याची नळी हातात घेऊन रांगेमागून फिरत. कुणी पाठ सरळ केली की पायावर गार पाण्याचा फवारा यायचा. काल कापलेला माल भिंतीशी हुकांवर लटकत होता.

डावऱ्या मान खाली घालून सुरी चालवत राहिला. भिंतीवर सव्वादहा झाले. साडेदहा झाले.

करवतीवर एक बाई होती. आधी मासळी कापायची, सगळे तिला मावशी म्हणत. मेहुण्याच्या हाताने पाहिलं होतं तेच पातं, तसंच उघडं, सुंसुं करत फिरणारं. मावशी सकाळपासून बसली नव्हती. तिचे डोळे मिटत होते, उघडत होते. मांडीचं हाड पुढे सरकवताना तिचा अंगठा पात्याच्या रेषेत आला आणि तिथेच राहिला.

आणखी अर्धा तास गप्प राहायचं होतं. डावऱ्याला ते कळत होतं. वही, खण, निरीक्षक, सगळं कळत होतं. त्याने सुरी टाकली, तीन ढांगांत भिंतीशी गेला आणि करवतीची वायर खेचून तोडली.

पातं थांबलं. मावशीने अंगठ्याकडे पाहिलं नाही. तिने डावऱ्याच्या कानाखाली सण्णकन वाजवली.

"माझं काम अर्धं ठेवलंस! निवड आहे आज, मेल्या!"

टायवाला खोलीतून बाहेर आला. "कोण आहे हा?" त्याने डावऱ्याला वरखाली न्याहाळलं, आणि संशयी माणसाच्या डोक्यात जो प्रकाश पडायचा तो पडला. तो उलट पावली आत धावला आणि खण उघडला. डावऱ्या त्याच्यामागून आत घुसला, वही हिसकली, पोटाशी धरली आणि खोलीच्या दारात खाली बसला. हात नाही उचलला.

"निवड रद्द!" टायवाला गोदामभर ओरडला. "या हरामखोरामुळे! याच्याकडून वही काढून घ्या, की पाच मिनिटांत यादी वाचतो!"

जाड्या आणि टकल्याला हलावंही लागलं नाही. रांगेतलीच माणसं धावून आली. पाच महिने, आठ महिने, वर्षभर घरी बसलेली माणसं. ज्यांना मालकावर हात उगारायची कधी हिंमत झाली नव्हती, त्यांना आज मारायला आपल्यातलाच एक मिळाला होता, आणि त्यांनी कसर ठेवली नाही. पहिली लाथ बरगडीत बसली, दुसरी तोंडावर. दात तुटून जिभेखाली आला. कुणीतरी केस धरून डोकं चौकटीवर आपटलं. "सोड वही! आमच्या पोटावर येतोस?" एक दाढीवाला तर रडत रडत मारत होता. डावऱ्या वहीवर पालथा पडून राहिला. त्याचा डावा हात दोनदा मुठीत वळला, दोनदा त्याने तो अंगाखाली दाबला.

लाथांमध्ये दम घ्यायला ते थांबले तेव्हा तो रक्त थुंकत बोलला.

"हुकांवरचा माल बघा."

"गप रे!"

"खाटीक आहात ना? मग बघा! काल कापलेले फरे आहेत. हात ओळखा. एक तरी रोजचा हात दिसतो का?"

मावशीने नुसतीच मान वळवली. पहिल्या फऱ्यावर चीर खांद्यापासून खाली आलेली. दुसऱ्यावर उलटी, मनगटापासून वर. तिसरा कुणीतरी मासळीसारखा तिरका काढलेला, तो तिचाच होता. चौथ्याला हाडावर अर्धं मांस तसंच. बारा फरे, बारा हात. कुठल्याही कारखान्यात दोन-चार रोजचे हात असतात, ज्यांचा माल एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असा असतो. तसला इथे एकही नव्हता.

"इथे कुणीच नोकरीला नाहीये," डावऱ्या म्हणाला. "कधीच नव्हतं. आपणच. रोज नवे आपण. माझ्या मेहुण्याची बोटं त्याच करवतीत गेली, मावशी. ते म्हणाले, आमचा माणूस नाही."

मावशीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग टायवाल्याकडे.

"यादी वाच," ती म्हणाली.

"कसली..."

"आठ जणांची. वाच की. कागद दाखव!"

कागद नव्हता. जाड्या आणि टकल्या मागच्या दाराने कधी सटकले कुणाला कळलं नाही. अकरा माणसं खोलीच्या दाराकडे वळली, आणि अकरांच्याही हातात सुऱ्या होत्या. मघाशी त्या टेबलांवर ठेवल्या होत्या. कुणी, केव्हा उचलल्या, देव जाणे. दाढीवाला आता रडत नव्हता. टायवाला भिंतीला चिकटला. त्याच्या पँटला ओल फुटली.

डावऱ्याने ते पाहिलं. आठवडाभर झोपेत त्याने या माणसाला असंच भिंतीशी उभं केलं होतं. बाजूला सरकायचं, बस्स. हातसुद्धा उचलावा लागणार नव्हता.

मग त्याला दिसलं की हा मेला तर अकरा जण फासावर, गोदामाला टाळं, वही खुनाच्या कागदपत्रांत, आणि मेहुणा जन्मभर कुठेच नोकरीला नव्हता.

तो चौकट धरून उठला आणि दारात आडवा उभा राहिला. "नाही. याला हात लावायचा नाही."

"तू त्याचा कोण रे?" दाढीवाल्याने सुरी मारली ती टायवाल्याच्या पोटासाठी होती. मध्ये डावऱ्याचा हात आला. पातं कोपराखाली शिरलं, हाडावर कर्रकन घासलं आणि अडकलं. खाटकाला तो आवाज परका नव्हता. फक्त आजवर तो स्वतःच्या आतून आला नव्हता. तो ओरडला, खाली बसला नाही. दाढीवाला सुरी सोडून स्वतःच्या पंजाकडे बघत मागे झाला.

"अजून कुणाला मारायचंय?" डावऱ्या म्हणाला. "मारा. मला मारा. तो मला जिवंत हवाय."

कुणी पुढे आलं नाही. कुणी गेलंही नाही. हुकांखाली ठिपठिप पाणी गळत होतं. निरीक्षक अकरा वीसला आले, कारण त्यांना गोदामाचा पत्ता सापडत नव्हता.

वही पहिल्या पानापासून उघडली गेली. तीन महिन्यांत एकशे नव्वद माणसं. मेहुण्याचं नाव आठ दिवस, रोज, त्याच्या गोल अक्षरातल्या सहीसकट. आठव्या दिवशी नावापुढे टायवाल्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, 'करवतीवर, अर्धा दिवस'. खणात दाखल्यांचा गठ्ठा होता, त्यात मेहुण्याचाही निघाला.

"तुम्हाला कुणी मारलं?" निरीक्षकांनी विचारलं. मावशी आणि दाढीवाला तीन हात अंतरावर उभे होते.

"घसरलो," डावऱ्या म्हणाला. "फरशी ओली आहे."

"आणि सुरी?"

"सुरीवरच घसरलो."

निरीक्षकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तेच लिहिलं.

टायवाल्याला पोलिस नेत होते. दारात तो थांबला. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

"तुमचे उपकार झाले," तो कापऱ्या आवाजात म्हणाला. "तुम्ही नसतात तर आज माझं..."

डावऱ्याच्या तोंडात तुटलेला दात अजून तसाच होता. तो त्याने टायवाल्याच्या बुटावर थुंकला.

"उपकार कसले? तुझं थोबाड मला धड हवं होतं. माझ्या मेहुण्याला ते कोर्टात ओळखायचंय. राहिलेल्या बोटाने दाखवून."