खालच्या कडेचं काजळ

बाबिलोनच्या मर्दुक देवळात एक रीत होती. ज्यानं ग्रहण वर्तवलं त्यानं ते बघायचं नाही, साक्ष दुसऱ्याची. रिमूतच्या ग्रहणाची साक्ष नेमकी गच्चीवरून आभाळ बघणाऱ्या लाबाशीकडे आली.

हा रिमूत म्हणजे मातीच्या पाट्या वाचून डोळे घालवलेला माणूस. समोरचं गाढव दिसायचं नाही त्याला. पण दोनशे तेवीस पौर्णिमा मोजून म्हणाला, "अठरा वर्षांपूर्वीचं ग्रहण आज फिरून येतंय. यंदा फिकंच, पुढच्या फेरीला गडद." खरं ठरलं की देवळाचं थोरलं पद त्याचं. लाबाशीचा नुसता जळफळाट झाला. वीस वर्षं गच्चीवर थंडीत कुडकुडला कोण? आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार हा?

सांजेला चंद्र खजुरींवर आला. गच्चीच्या पायरीशी उभ्या रिमूतनं विचारलं, "काय दिसतंय रे लाबाशी? तुझ्या डोळ्यांवरच भिस्त माझी."

चंद्राची खालची कड मळली होती. घासल्यावरही भांड्याला राहावं, तेवढं काजळ. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. लाबाशीला स्वच्छ दिसलं.

"लख्ख आहे बाबा," तो म्हणाला, आणि ओल्या मातीत कोरलं: पाहिलं, दिसलं नाही.

"मग माझंच चुकलं असेल," एवढंच रिमूत बोलला. मेला भांडलासुद्धा नाही, हे लाबाशीला जास्त झोंबलं.

पद लाबाशीला मिळालं. अठरा वर्षं त्यानं ते मिरवलं.

मग ती पौर्णिमा फिरून आली. ग्रहण असेल तर राजाला आधी कळवायचं, म्हणजे त्याच्या जागी दुसरा कुणी बसवून राजावरचं अरिष्ट टाळता येतं. लाबाशीला सगळं आठवत होतं. पण कळवायचं म्हणजे रिमूत खरा ठरणार. छे! तेव्हा कुणाला दिसलं होतं, की आता दिसेल? 'निर्धास्त असावं,' असा निरोप त्यानं धाडला.

मध्यरात्र उलटली आणि चंद्राचा लचका तुटला. सगळं शहर गच्च्यांवर येऊन भांडी बडवू लागलं. राजाचे शिपाई मशाली घेऊन देवळाकडे निघाले.

पायरीशी भिंत धरून रिमूत उभा होता. आता ठार आंधळा.

"काय दिसतंय रे लाबाशी?"

"कड काळी पडलीय."

"खालची?"

"खालची. तेव्हाही पडली होती."

रिमूतनं मान डोलावली. चेहरा असा निवला, की मशाली जिना चढू लागल्या तरी लाबाशीला त्या आंधळ्याचाच हेवा वाटत राहिला.