ह्यांचा पाइप, अण्णांचा खोकला

निवृत्त नवरा चोवीस तास घरात असणं म्हणजे काय, हे जिनं भोगलंय तिला मी वेगळं सांगायला नको. आमचे हे, म्हणजे चारुदत्त, न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात होते. कुठल्या कंटेनरमध्ये काय आहे, तो कुठून आला आणि कुठे जायचाय, यातच त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले. इकडे फोडणी जळतेय आणि मी हिंगाचा नंबर आठवतेय, अशी परिस्थिती झाली. मी एके दिवशी सरळ सांगितलं की या घरात एक तर तुमचे नंबर राहतील किंवा मी.

तेव्हा आमच्या राजसनं रॉटरडॅमहून व्हिडिओ कॉलवर निदान केलं की बाबांना हॉबी पाहिजे. तिकडे म्हणे निवृत्त माणसाला हॉबी नसेल तर शेजारीपाजारीसुद्धा काळजी करतात. हॉबी कुठली का असेना, ती स्वयंपाकघराबाहेर असावी, एवढीच माझी अट होती. ह्यांनी आधी बोन्साय करून बघितलं. विचुंब्यात आमच्या बिल्डिंगला पाणी टँकरचं, आणि ह्यांचा वीतभर पिंपळ माझ्या धुण्याच्या पाण्यावर डोळा ठेवून. तो गेला. मग बासरी आणली. तिच्यातून शेवटपर्यंत आवाज निघाला नाही, फक्त ह्यांना चक्कर आली.

दिवाळीत राजस आला तेव्हा त्यानं शोकेसमध्ये ठेवायला म्हणून एक लाकडी पाइप आणला. शोभेची वस्तू. सोबत तंबाखूचा छोटा डबा होता, तोही आपला दिसायला छान म्हणून. पण ह्यांनी तो पाइप हातात घेतला आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते लग्नातसुद्धा दिसलं नव्हतं. बंदरावर कधीमधी बोटीचे कप्तान पाइप ओढताना ह्यांनी पाहिले होते. पाइप तोंडात असलेल्या माणसाला कुणी घाईनं काही विचारत नाही, असं त्यांचं तेव्हापासूनचं मत. सगळी नोकरी लोकांच्या घाईत गेल्यावर माणसाला असं काही वाटलं तर मी दोष देणार नाही. राजस विमानात बसला आणि पाइप शोकेसमधून बाहेर आला.

आता अडचण एकच होती, ती म्हणजे अण्णा. अण्णा माझे सासरे. वय शहाऐंशी. पेणला शाळेत ड्रिल मास्तर होते आणि अजूनही पलंगावरून उठतात ते 'सावधान' म्हटल्यासारखे. मुलानं बापासमोर विडी-सिगरेट ओढायची नाही, हा आमच्याकडचा नियम कुणी कधी बोलून दाखवलेला नाही, कारण तशी वेळच कुणी आणली नाही. ह्यांनी तरुणपणी सिगरेटी ओढल्या त्या नाक्यावर. घरी येताना बडीशेप खाऊन यायचे. पुढे त्या सुटल्याही. आता वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, हातात पेन्शनरचं कार्ड आणि डोक्यावर टक्कल असताना, हा गृहस्थ पुन्हा बडीशेपेवर आला.

सिगरेट निदान पाऊल वाजलं की खिडकीतून टाकून तरी देता येते. पाइपचं तसं नसतं. तो भरा, दाबा, पेटवा, तो विझतो, पुन्हा दाबा, पुन्हा पेटवा. दाबायला माझ्या चांगल्या चमच्याचं टोक लागायचं आणि पेटवायला देवघरातली काड्यापेटी. एवढं करून धूर निघेपर्यंत अण्णांची चाहूल लागायची, की पाइप लेंग्याच्या खिशात. एक लेंगा असा जळाला. त्याचं भोक बघून अण्णांनी विचारलं, उंदीर झालेत का. ह्यांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या आग्रहाखातर घरात पिंजरा आला आणि महिनाभर मी त्यात रोज भज्याचा तुकडा ठेवत होते, नसलेल्या उंदरासाठी.

वासाचं काय, तर तो तंबाखू व्हॅनिलाचा होता. ह्यांनी परस्पर अण्णांना सांगून टाकलं की आशालता हल्ली रोज धूप घालते. म्हणजे ओढणार हे आणि भाविक मी. अण्णा एकदा जेवताना अगदी गंभीरपणे म्हणाले की सूनबाई, तुमच्या देवाला केक आवडायला लागलेला दिसतो. म्हातारपणी माणूस किती साधं होतं, असं वाटून मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

वाईट सवयीला जोडीदार लगेच मिळतो. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे ते धर्मराज पाटील वरच्याच मजल्यावर राहतात. जमीन गेली, फ्लॅट आले, दारात मोठी गाडी आली, पण साहेबासारखं काहीतरी अजून राहून गेलंय असं त्यांना वाटायचं. ते त्यांना ह्यांच्या हातात दिसलं. त्यांनी मुंबईहून ह्यांच्यापेक्षा मोठा पाइप मागवला. हौसेला मोल नाही. तंबाखू मात्र घरचाच, मळून खायचा. पहिल्या झुरक्याला त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते टँकरवाल्यानं बघितलं असतं तर लाजला असता.

त्यांच्याही घरात धाक होता, त्यांच्या आईचा. गंगाबाई ऐंशीच्या पुढच्या, अंगानं काडी, पण आवाज तळमजल्यापर्यंत. धर्मराज मला जिन्यात गाठून म्हणाले, "वैनी, आईला नाय सांगायचा हां. तिला समजला तं मना घरान घेनार नाय." ज्याच्या नावावर अर्धी बिल्डिंग आहे त्याचं हे बोलणं. मी काय बोलणार, माझ्या घरी तेच होतं.

मग दोघं संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसायला लागले. शाळेच्या भिंतीआड बसणारी पोरं आणि हे दोघे यांत फरक एवढाच, की ह्यांना उकिडवं बसलं की उठता यायचं नाही. दोघांत फार बोलणंही नसायचं. पण हे खाली यायचे ते शीळ घालत. मला धुराचा वास आवडत नाही, अजिबात नाही, पण शीळ आवडली हे मी कबूल करते.

गच्चीवर गंगाबाईंची सुकी मासळी वाळत असायची. एका संध्याकाळी त्या ती गोळा करायला अवेळी वर आल्या आणि त्यांना टाकीमागून धूर निघताना दिसला. त्यांना वाटलं, पंप जळला. बाई धीराची. आरडाओरडा न करता त्यांनी नळाखालची भरलेली बादली उचलली आणि टाकीमागे ओतली. धर्मराज नखशिखान्त भिजून उभे राहिले, तोंडात पाइप तसाच. पुढे आईनं मुलाला काय सुनावलं ते सगळ्या बिल्डिंगनं ऐकलं, त्यामुळे इथे लिहीत नाही. धर्मराजांनी कानाला खडा लावला. हे टाकीच्या दुसऱ्या बाजूनं निसटले म्हणून वाचले.

तेव्हापासून ह्यांची जागा म्हणजे आमची बाल्कनी. आणि तिथेच खोकल्याचं लक्षात आलं.

हे बाल्कनीत पाइप पेटवायचे, आणि थोड्या वेळानं पॅसेजमधून अण्णांचा खोकला ऐकू यायचा. लहानसा, दोनदा. मग अण्णा काठी टेकत यायचे. तोवर पाइप कुंडीमागे गेलेला असायचा आणि हे वर्तमानपत्र वाचत असायचे, एकदा तर उलटं धरून. आधी आम्ही लक्ष दिलं नाही. पण रोजच. धूर झाला की खोकला. ह्यांनी हिशेबी माणसासारखी परीक्षा घेतली. दोन दिवस पाइप बंद ठेवला. अण्णा एकदाही खोकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेटवला, की पॅसेजमधून खोकला आला.

माझ्या सासूबाई दम्यानं गेल्या. शेवटच्या वर्षात त्यांना पाठीशी उशी देऊन बसवून ठेवायचं काम ह्यांनी केलेलं आहे. ह्यांनी पाइप शोकेसमध्ये नेऊन ठेवला आणि त्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, "आशा, आईचं काही माझ्या हातात नव्हतं. हे मी माझ्या हातानं केलं." ह्या माणसावर मी आयुष्यभर चिडत आलेय, पण त्या वेळी त्याच्याकडे बघवेना.

मग ज्येष्ठमध झालं, आल्याचा रस झाला, वाफारे झाले. अण्णा सगळं निमूट घ्यायचे. शेवटी ह्यांनी पनवेलला छातीच्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. रिक्षात बसताना मला सांगितलं की डॉक्टरांचं एकदा कळलं, की घरी येऊन अण्णांना सगळं खरं सांगून टाकायचं आणि त्यांचे पाय धरायचे. मी म्हटलं, सांगा. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार. साठी उलटलेल्या माणसानं वडिलांना खरं सांगायला घाबरायचं म्हणजे काय.

डॉक्टरांनी अण्णांचा एक्स-रे काढला, नळीत फुंकायला लावलं. अण्णांनी शाळेची शिट्टी फुंकावी तसं फुंकलं. डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं, त्यांचा विश्वास बसेना. शेवटी म्हणाले की या वयात अशी छाती मी पाहिलेली नाही, खोकला कुणाला आहे? अण्णा म्हणाले की ते मलाही कळलेलं नाही, पण मुलगा म्हणतो तर असेल. आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बूट घालायला लागले.

हे सुटकेचा श्वास सोडायला गेले तर तो नीट सुटेना. दवाखान्याचा जिना चढून आल्यापासून ह्यांना धाप होती ती अजून होतीच. डॉक्टरांनी नळी ह्यांच्यापुढे केली. ह्यांची फुंकर बघून डॉक्टरांनी सरळ विचारलं की काय ओढता. एका मिनिटात पाइपची हॉबी संपली. आजपासून बंद, वासालासुद्धा उभं राहायचं नाही, म्हणाले. मी मनातल्या मनात त्या डॉक्टरांना शाल-श्रीफळ दिलं.

घरी आलो. अण्णा पलंगावर बसले, मी चहा ठेवला, आणि हे खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. हात गुडघ्यांवर, शाळेत छड्या खायला बसल्यासारखे. म्हणाले, "अण्णा, तुमच्या खोकल्याबद्दल तुम्हाला एक सांगायचंय. तो जो वास येतो ना घरात, तो..."

अण्णांनी हात वर केला.

"सांगू नकोस," ते म्हणाले. "तो खोकला नाही, चारू. मी खाकरतो. मोठ्या माणसानं एकदम कुणाच्या पुढ्यात जाऊन उभं राहू नये. आधी खाकरावं, समोरच्याला आवरायला वेळ द्यावा. माझे वडील माझ्यासाठी खाकरायचे."

मी चहा गाळायचा सोडून दारात आले.

"तू आता सांगितलंस तर मला ते ऐकावं लागेल. ऐकलं तर रागवावं लागेल, आणि रागवायचा दम आता माझ्यात नाही. छाती चांगली आहे, डॉक्टर म्हणाले, पण तो दम वेगळा. काय जेवायचं ते सूनबाई ठरवते. कुठली गोळी घ्यायची ते तू ठरवतोस. खाली उतरायचं की नाही ते लिफ्ट ठरवते. माझं म्हणून या घरात एवढंच राहिलंय, की मी येतोय म्हटल्यावर माझा मुलगा अजून काहीतरी लपवतो. तेवढं राहू दे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रागही आला. केवढ्या ज्येष्ठमधाच्या काड्या उगाळल्या मी, एका शब्दानं सांगायचं होतं. पण ते सांगता येण्यासारखं नव्हतं, हेही कळत होतं. खरं सांगून टाका म्हणून रिक्षात शहाणपणा शिकवणारी मी, कप भरायचं निमित्त करून आत गेले.

आतून मला ह्यांचा आवाज ऐकू आला. हे म्हणाले, "नाही, सांगायचं तसं काही नव्हतं अण्णा. मी म्हणत होतो, उद्या दाढी करायला न्हाव्याला घरीच बोलावू का."

अण्णा म्हणाले, बोलाव.

याला आता चार महिने झाले. ह्यांनी तंबाखूचा डबा त्याच दिवशी कचऱ्यात टाकला आणि शब्द पाळलाय. कोरडा पाइप तेवढा तोंडात धरून संध्याकाळी बाल्कनीत बसतात. आत काही नाही, धूर नाही, वास नाही. पॅसेजमध्ये अण्णा खाकरतात. की हे ताडकन उठतात, टॉवेल हवेत गरागरा फिरवतात, खिडकी धाडकन उघडतात, कुंडी मुद्दाम खरवडून सरकवतात आणि पाइप तिच्यामागे टाकतात. सगळं अण्णांना नीट ऐकू जाईल अशा बेतानं. मग अण्णा सावकाश येतात, नाकानं हवेचा वास घेतात, आणि मला विचारतात, "सूनबाई, आज धूप घातला का?"

मी हो म्हणते.